जागल्याचीं टिपणें : एकोणीस शेजाऱ्यांची कचेरी

तीन वर्षांपूर्वींच्या श्रावणांत माझ्या मावसबहिणीचें एक जाडजूड पाकीट अमेरिकेहून आलें. अक्का (आम्ही सारीं भावंडें तिला याच नांवानें हांक मारतों) चाळीस वर्षांपूर्वीं लग्न होऊन कॅलिफोर्नियांत गेली, तेथील एका शाळेच्या ग्रंथालयांत नोकरी करून निवृत्त झाली, आणि यजमान गेल्यापासून एका डोंगराळ वस्तींत एकटीच राहते. ई-मेलच्या या दिवसांतहि महत्त्वाचें कांहीं असलें म्हणजे ती कागदावरच लिहिते. पाकिटांत एका तक्रारअर्जाचा सात पानी इंग्रजी खर्डा होता, आणि वर मराठींत दोन ओळी : "आपल्या घराण्यांतला अर्जनवीस तूंच. एवढें वाचून सांग, धाडूं कीं नको."

अक्काची वस्ती शहराच्या हद्दीबाहेर आहे, म्हणून तेथें नगरपालिका नाहीं. पाणी पुरविण्याचें काम निवडून आलेल्या पांच सभासदांचें एक लहानसें जलमंडळ करतें. अशीं एकेका कामापुरतीं निर्माण केलेलीं मंडळें कॅलिफोर्नियांत हजारोंनीं मोजावीं लागतात. कोणी पाणी पुरवितें, कोणी आग विझवितें, कोणी डांसांचा नायनाट करतें, तर कोणी केवळ स्मशानभूमीची व्यवस्था पाहतें. त्यांच्या निवडणुकीकडे सहसा कोणाचें लक्ष नसतें; वर्तमानपत्राचा बातमीदार त्यांच्या सभेला फिरकत नाहीं; मात्र कर आणि पट्टी वसूल करण्याचा अधिकार त्यांना असतो. अक्काच्या मंडळानें दोन वर्षांत दोनदां पाणीपट्टी वाढविली होती. हिशेबतपासनिसाचा अहवाल कोणाच्या दृष्टीस पडत नव्हता. सभेची विषयपत्रिका कधीं सभेच्या दिवशीं सकाळीं, तर कधीं सभा होऊन गेल्यावर दारावर लागे. नळदुरुस्तीचें काम वर्षानुवर्षें एकाच कंत्राटदाराकडे जाई, आणि टेंडर मागविल्याचें कोणास आठवत नव्हतें. अक्कानें कचेरींत विचारलें तेव्हां "सभेंत विचारा" असें उत्तर मिळालें. सभेंत विचारलें तेव्हां अध्यक्षांनीं घड्याळाकडे बोट दाखवून "आपलीं तीन मिनिटें संपलीं" असें सांगितलें.

हा सारा मजकूर सात पानांत होता खरा. परंतु त्याबरोबर अध्यक्षांचा स्वर, कारकुनाचें च्युइंगगम, आणि शेजाऱ्यानें न मागतां दिलेला सल्ला हेंहि होतें. दोन ओळींच्या खालीं, जणूं नंतर आठवलें म्हणून, बारीक अक्षरांत आणखी एक वाक्य होतें : "दोनशें घरांची वस्ती आहे. उद्यां माझा नळ फुटला तर दुरुस्तीला यायचे ते हेच लोक. आणि चाळीस वर्षें झालीं तरी दुकानांत कोणी तरी विचारतेंच, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

अर्ज जावयाचा होता त्या काउंटीच्या ग्रँड ज्यूरीकडे. हें नांव वाचून मीहि क्षणभर थबकलों. ज्यूरी म्हटलें कीं आपल्या पिढीला नानावटी खटला आठवतो. १९५९ सालीं मुंबईच्या सेशन्स कोर्टांत नऊ ज्यूरर बसले होते, त्यांपैकीं आठांनीं आरोपी निर्दोष असल्याचें मत दिलें, तें मत मान्य न होऊन प्रकरण हायकोर्टांत गेलें, आणि पुढें ज्यूरीची पद्धतिच आपल्याकडून निघून गेली. पण ती झाली साधी ज्यूरी, खटल्याचा निर्णय देणारी. ग्रँड ज्यूरी ही तिची थोरली बहीण. आणि तिचें घराणें फार जुनें आहे.

इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री यानें ११६६ सालीं क्लॅरेंडन येथें असा नियम केला कीं, प्रत्येक तालुकावजा विभागांतील बारा सभ्य गृहस्थांनीं शपथेवर सांगावें कीं आपल्या भागांत दरोडेखोर, खुनी व चोर म्हणून कोणाचा संशय आहे. येथूनच या संस्थेची सुरुवात मानतात. खटला चालवावा कीं नाहीं एवढेंच ठरविणें हें पुढें तिचें मुख्य काम झालें. परंतु गांवचे पूल, रस्ते, तुरुंग यांविषयीं सरकारच्या कानावर घालणें हेंहि तिच्याकडे चालत आलें. आयर्लंडांत तर मजा अशी झाली कीं ग्रँड ज्यूरी हीच जिल्ह्याचें स्थानिक सरकार होऊन बसली. रस्ते बांधणें, कर बसविणें, सर्व तिच्याच हातीं होतें, आणि १८९८ च्या कायद्यानें निवडून आलेलीं कौन्सिलें आलीं तेव्हां कोठें तिचा तो कारभार संपला. खुद्द इंग्लंडनें १९३३ सालीं कायदा करून तिला बहुतेक निरोप दिला, आणि १९४८ त उरलेंसुरलेंहि काढून टाकलें.

आपल्या मुंबईसहि ती परकी नव्हती. कंपनी सरकारच्या काळांत मुंबईच्या सुप्रीम कोर्टांत ग्रँड ज्यूरी बसत असे. १८२६ च्या कायद्यानें हिंदी लोकांस साध्या ज्यूरींत बसण्याची मोकळीक मिळाली, परंतु ग्रँड ज्यूरीचें दार त्यांना बंदच राहिलें. तें १८३२ च्या कायद्यानें उघडलें, आणि त्याच कायद्यानें हिंदी गृहस्थांना जस्टिस ऑफ दि पीस होण्याची वाट मोकळी झाली. मुंबईच्या पहिल्या हिंदी जे. पीं.मध्यें जगन्नाथ शंकरशेट होते, हें वाचकांस ठाऊक असेलच. पुढें १८६५ त हायकोर्टांतील ग्रँड ज्यूरी रद्द झाली, आणि आपल्याकडे तिची आठवणहि राहिली नाहीं.

अमेरिकेंत मात्र ती टिकली. तेथील बहुतेक ठिकाणीं तिचें काम फौजदारी आरोपापुरतें आहे. पण कॅलिफोर्नियानें तिचें जुनें दुसरें काम, म्हणजे गांवचा कारभार डोळ्यांखालून घालणें, हेंच मुख्य करून टाकलें. त्या राज्याच्या घटनेंतच असें कलम आहे कीं प्रत्येक काउंटींत वर्षांतून निदान एकदां तरी ग्रँड ज्यूरी बसलीच पाहिजे. काउंटी म्हणजे साधारणपणें आपला जिल्हा, मात्र आकारमानाचा कांहीं नेम नाहीं. अशा अठ्ठावन्न काउंट्या आहेत. लॉस एंजेलिसची वस्ती कोटीच्या घरांत जाते, तर सिएरा पर्वतांतल्या अल्पाईन काउंटीची हजार-बाराशेंच्या आसपास आहे. सर्वसाधारण काउंटीसाठीं ज्यूरींत १९ माणसें असतात, लॉस एंजेलिससारख्या प्रचंड काउंटींत २३, आणि अगदीं लहान काउंटींत ११ असूं शकतात. एकोणिसांपैकीं बारांची संमति असल्याशिवाय कोणताहि निर्णय होत नाहीं.

हीं माणसें कोण? वकील नव्हेत, अधिकारी नव्हेत. अठरा वर्षांवरील अमेरिकन नागरिक, त्या काउंटींत निदान एक वर्ष राहिलेला, इंग्रजी पुरेसें येणारा, साधारण बुद्धीचा आणि बऱ्या चारित्र्याचा. कायद्याच्या अपेक्षा बहुतेक एवढ्याच. निवडून आलेला लोकप्रतिनिधि चालत नाहीं, आणि गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेलाहि. इच्छा असणारे अर्ज करतात, न्यायाधीश त्यांची मुलाखत घेतात, आणि मग बहुतेक ठिकाणीं चिठ्ठ्या टाकून नांवें काढतात. मुदत एक वर्षाची, साधारणतः १ जुलै ते ३० जून. मोबदला म्हणाल तर कायद्यानें ठरविलेला किमान आंकडा दिवसाला पंधरा डॉलर! कित्येक काउंट्या याहून अधिक देतात. तरी एवढ्यावर नोकरी सोडून कोण येणार? त्यामुळें एकोणिसांत पिकल्या केंसांचीं माणसेंच फार दिसतात. तरुण, मजूर, लेकुरवाळ्या बाया क्वचितच. टीकाकार हा दोष वारंवार दाखवितात, आणि मला तो अगदीं खरा वाटतो. जिच्या घरीं पाण्याचें बिल भरतांना हात आंखडावा लागतो ती बाई त्या खोलींत बसत नाहीं. तिच्यासाठीं उरतो तो तक्रारीचा कागदच.

आतां त्या कागदाकडे वळूं. अक्काला मीं पहिली गोष्ट फोनवर सांगितली ती ही कीं, ग्रँड ज्यूरीचें दार शेवटचें समज. आधींच्या पायऱ्या चढलीस काय? कॅलिफोर्नियांत १९५३ पासून असा कायदा आहे (त्याच्या कर्त्याच्या नांवावरून त्यास ब्राऊन ॲक्ट म्हणतात) कीं, स्थानिक मंडळांच्या सभा उघड्या असाव्या आणि नेहमींच्या सभेची विषयपत्रिका निदान ७२ तास आधीं लोकांस दिसेल अशी लावावी. १९६८ पासून दुसरा कायदा आहे, सरकारी कागदपत्रें पाहण्याचा. त्याप्रमाणें मागणी आल्यापासून दहा दिवसांत, कागद देतों कीं नाहीं, एवढें तरी मंडळानें कळविलें पाहिजे. आपल्याकडील २००५ च्या माहितीच्या अधिकाराची ती जुनी चुलत बहीण म्हणावी. अक्कानें तोंडीं विचारलें होतें. लेखी एकदांहि नाहीं. "म्हणजे इतके दिवस मीं वाराच घातला म्हणायचा," ती म्हणाली. तिनें त्याच आठवड्यांत दोन ओळींची लेखी मागणी दिली. दहा दिवस गेले, वीस गेले, उत्तर आलें नाहीं. रागावणाऱ्या अक्काला मीं समजाविलें कीं, न आलेलें उत्तर हाच तुझ्या हातीं आलेला पहिला पुरावा. मागणीची प्रत जपून ठेव.

तक्रारीचा फॉर्म काउंटीच्या ग्रँड ज्यूरीच्या किंवा कोर्टाच्या संकेतस्थळावर मिळतो; कांहीं ठिकाणीं टपालानें, कांहीं ठिकाणीं संगणकावरूनच धाडतां येतो. फी नाहीं, वकील लागत नाहीं. काउंटीगणिक रकाने थोडे बदलतात, तथापि गाभा एकच : कोणत्या खात्याविरुद्ध अथवा मंडळाविरुद्ध तक्रार आहे, काय घडलें, केव्हां, कोठें, कोण हजर होतें, आधीं कोणाकडे दाद मागितली व त्यांनीं काय सांगितलें, जवळ कोणते कागद आहेत, आणि ज्यूरीनें काय करावें अशी आपली अपेक्षा आहे. कागदांच्या प्रतीच जोडाव्या, अस्सल कधींहि देऊं नये, कारण ते परत मिळण्याची आशा नसते.

सात पानांचें दीड पान करतांना अक्काशीं माझा बराच वाद झाला. ती अध्यक्षांचा स्वर सोडायला तयार नव्हती. "तो मला काय म्हणाला हें त्यांना कळायला नको?" मीं विचारलें, "तो ज्या सभेंत म्हणाला तिची तारीख सांग. त्या दिवशीं विषयपत्रिका कधीं लागली?" तिला तारीख पाठ होती, कारण ग्रंथपालाची संवय जात नाहीं, दर सभेला गेल्यावर दारावरच्या कागदाचें छायाचित्र तिनें काढून ठेविलें होतें, वेळेसकट! तिच्या साऱ्या अर्जांतला सर्वांत मोलाचा भाग हाच होता, आणि सात पानांत तो पांचव्या पानाच्या तळाशीं एका वाक्यांत दडला होता. तो वर आणला. दरवाढीचे दोन ठराव, लेखी मागणीची तारीख, कंत्राटाचीं तीन बिलें हीं त्याच्या खालीं गेलीं. च्युइंगगम गेलें. अध्यक्षांचा स्वर शेवटीं एका विशेषणापुरता उरला, आणि तें विशेषणहि टपालांत टाकण्यापूर्वीं तिनें स्वतःच खोडलें.

ज्यूरीच्या कक्षेंत काय येतें आणि काय येत नाहीं, याचीहि वाचकांस कल्पना असावी. तेथें असलेल्या आपल्या मुलांसुनांना ती उपयोगीं पडेल. काउंटीचीं खातीं, शहरें, विशेष मंडळें, शाळांच्या मंडळांचे हिशेब व कामाची रीत, हें सारें येतें. तुरुंगांची पाहणी तर दरवर्षीं करणें तिच्यावर बंधनकारकच आहे. राज्य सरकार, केंद्र सरकार, कोर्टांचे निकाल, खासगी कंपन्या आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांतली भांडणें येत नाहींत. शाळेंत कोणता विषय शिकवावा, हेंहि तिचें काम नव्हे. प्रकरण कोर्टांत चालू असेल तर ती सहसा हात लावीत नाहीं. आणि तक्रार आली म्हणून चौकशी केलीच पाहिजे असें तिच्यावर बंधन नाहीं. पुष्कळ तक्रारी वाचून बाजूला ठेवल्या जातात. वर्षहि तिचें जूनअखेर संपतें, त्यामुळें वसंतांत धाडलेला कागद बहुधा पुढच्या ज्यूरीवर टाकला जातो. शरदांत धाडलेला बरा.

आणि तें बारीक अक्षरांतलें वाक्य? त्याचें उत्तर ज्यूरीच्या शपथेंत आहे. तिच्यापुढें आलेला पुरावा जाणूनबुजून बाहेर फोडणें हा ज्यूररच्या बाबतींत गुन्हा आहे. कोण काय बोललें, कोणीं कसें मत दिलें, हेंहि सांगतां येत नाहीं, आणि हें बंधन मुदत संपल्यावरहि सुटत नाहीं. मुलाखत घ्यावयाची तर निदान दोन ज्यूरर हजर पाहिजेत. अहवालांत साक्ष देणाऱ्यांचीं नांवें नसतात. ज्या ज्यूररचा प्रकरणाशीं स्वतःचा संबंध असेल तो त्या कामांतून बाहेर बसतो. निनावी तक्रारहि कित्येक काउंट्या घेतात, मात्र तींत एक गैरसोय आहे : पुढें कांहीं विचारावयाचें झालें तर विचारणार कोणास? मीं हें सारें अक्काला वाचून दाखविलें. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "माझा मुलगा म्हणतो, आई, नसती उठाठेव कशाला. आणि बाबा असते तर म्हणाले असते, सही न करतां अर्ज द्यायचा तर देऊंच नये." तिनें सही केली. तो सप्टेंबरचा महिना होता.

या गुप्ततेला किंमत किती, हें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. १९३७ सालच्या लॉस एंजेलिसच्या ग्रँड ज्यूरींत क्लिफर्ड क्लिंटन नांवाचा एक खाणावळवाला होता. महामंदीच्या काळांत त्याच्या खाणावळींत ज्याला परवडत नसे त्यानें जमेल तें द्यावें अशी रीत होती, आणि त्यामुळें तो गांवांत लोकप्रिय होता. काउंटीच्या मोठ्या इस्पितळाच्या मुदपाकखान्याची पाहणी एका सुपरवायझरनें त्याला सांगितली. तेथें त्याला इतकी नासाडी व वशिलेबाजी दिसली कीं त्याला पुढचें पाहण्याची संवय लागली. बेकायदा जुगाराचे अड्डे आणि कुंटणखाने पोलिसांच्या आशीर्वादानें चालतात, हा त्याचा संशय होता. ज्यूरींतील बहुमत त्याच्या बाजूस नव्हतें. त्यानें कांहीं सहकाऱ्यांसह अल्पमताचा स्वतंत्र अहवाल लिहिला, आणि फ्लेचर बाउरन नांवाच्या न्यायाधीशानें तो दाखल करून घेतला. मग क्लिंटनच्या खाणावळीवर आरोग्यनिरीक्षकांच्या फेऱ्या वाढल्या, करांचा आंकडा चढला, गिऱ्हाइकें म्हणून आलेल्या कांहींच्या पोटांत एकाएकीं दुखूं लागलें. ऑक्टोबर १९३७ त त्याच्या घरांत बाँब फुटला. मुलेंमाणसें घरांतच झोपलीं होतीं. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. १४ जानेवारी १९३८ रोजीं त्याच्या बाजूनें पुरावा गोळा करणाऱ्या हॅरी रेमंड या गुप्तहेराच्या मोटारींत दुसरा बाँब फुटला. अंगांत शेंदीडशें तुकडे घुसूनहि तो गृहस्थ वांचला. त्या बाँबसाठीं शिक्षा झाली ती खुद्द पोलीस खात्यांतल्या एका कॅप्टनला! सप्टेंबर १९३८ त मतदारांनीं महापौर फ्रँक शॉ यास परत बोलाविलें आणि त्या जागीं त्याच बाउरनला बसविलें. तो १९५३ पर्यंत तेथें होता.

क्लिंटनचें नांव सर्वांना ठाऊक होतें, आणि त्यामुळेंच बाँब कोठें ठेवावा हेंहि ठाऊक होतें. अक्काला मीं ही हकीकत मुद्दामच सांगितली नाहीं.

ऑक्टोबरांत तिला पोंच आली, चार ओळींची : आपली तक्रार मिळाली, ती गुप्त राहील, तिच्याविषयीं पुढें कांहीं कळवितां येणार नाहीं. आणि खरोखरच पुढें कांहीं कळलें नाहीं. नोव्हेंबर गेला, नाताळ गेला, पाणीपट्टीचें बिल नेहमींच्या तारखेला आलें. आपल्याकडच्या अर्जदाराला ही शांतता सोसत नाहीं. आपण कचेरींत खेटे घालतों, साहेबांच्या ओळखीचा कोणी निघतो काय हें पाहतों. तेथें ओळख काढणें हाच गुन्ह्याचा मार्ग. फेब्रुवारींत अक्का फोनवर म्हणाली, "टोपलींत टाकला असेल रे त्यांनीं माझा कागद." मलाहि मनांतून तसेंच वाटत होतें, पण मीं तसें बोललों नाहीं.

अहवाल जूनच्या शेवटीं निघाला. तो काउंटींतील अनेक लहान मंडळांविषयीं होता, आणि त्यांत अक्काच्या मंडळाचें एक प्रकरण होतें. विषयपत्रिका वेळेवर लागत नाहींत. लेखी मागण्यांची नोंदवही नाहीं. ठराविक रकमेवरील कामासाठीं टेंडर मागविण्याचा लेखी नियम नाहीं. हिशेबतपासणी मागें पडली आहे. असे निष्कर्ष आणि प्रत्येकाखालीं शिफारस. कोणीं तक्रार केली, कीं ज्यूरीनेंच आपण होऊन ही गोष्ट हातीं घेतली, याचा एका शब्दानेंहि उल्लेख नव्हता. आपला कागद तेथें पोंचला कीं नाहीं, हें अक्काला कधींहि कळणार नाहीं. तिला याचा थोडा राग आला; मला वाटतें, तो रास्तच होता.

अहवालाला उत्तर देणें मात्र टाळतां येत नाहीं, आणि या संस्थेचें खरें बळ मला येथें दिसतें. ज्या मंडळाविषयीं लिहिलें असेल त्यानें ९० दिवसांत, आणि निवडून आलेल्या काउंटी अधिकाऱ्यानें ६० दिवसांत, मुख्य न्यायाधीशांकडे लेखी उत्तर दिलें पाहिजे. उत्तरहि मनास येईल तसें देतां येत नाहीं. प्रत्येक निष्कर्षापुढें "मान्य" किंवा "अमान्य, पूर्णतः अथवा अंशतः" असें लिहून अमान्य असल्यास कारण द्यावें लागतें. प्रत्येक शिफारशीपुढें चार उत्तरांपैकीं एक : अंमल झाला, अजून झाला नाहीं पण अमुक मुदतींत होईल, अधिक अभ्यास हवा, आणि तो सहा महिन्यांच्या आंत पुरा करूं, अथवा अंमल होणार नाहीं, कारण अमुक. "विचाराधीन आहे" या आपल्या लाडक्या वाक्याला तेथें जागाच ठेविलेली नाहीं! हीं उत्तरें अहवालाबरोबर कोणासहि वाचतां येतात.

यापुढें मात्र ज्यूरीचा हात पोंचत नाहीं. शिफारस न मानणाऱ्याला ती दंड करूं शकत नाहीं. अधिकाऱ्यानें बुद्धिपुरस्सर गैरवर्तन केलें असेल तर त्याला पदावरून काढण्यासाठीं आरोप ठेवण्याची शक्ति तिच्याकडे आहे, पण ती क्वचित् वापरली जाते, आणि वापरली तरी टिकतेच असें नाहीं. १९९४ च्या डिसेंबरांत ऑरेंज काउंटीचा खजिनदार सट्टेबाजीसारख्या गुंतवणुकींत दीड अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम घालवून बसला आणि काउंटीनें दिवाळें काढलें, तेव्हां तेथील ग्रँड ज्यूरीनें दोन सुपरवायझरांवर असा आरोप ठेविला होता. १९९६ त अपील कोर्टानें तो काढून टाकला.

अक्काच्या मंडळाचें उत्तर सप्टेंबरांत आलें. विषयपत्रिकेविषयीं "मान्य, अंमल झाला". नोंदवहीविषयीं "अंमल झाला". हिशेबतपासणीविषयीं पुढच्या मार्चची मुदत. टेंडरच्या नियमाविषयीं "अंमल होणार नाहीं, मंडळाच्या लहान आकारामुळें तो व्यवहार्य नाहीं". पाणीपट्टी कमी झाली नाहीं. कंत्राटदारहि तोच राहिला. नळ फुटला नाहीं, किंवा फुटलाच असेल तर तिनें मला सांगितलें नाहीं.

त्यानंतरच्या वसंतांत अक्कानें मला न विचारतां स्वतःच ग्रँड ज्यूरीसाठीं अर्ज केला. वय चौऱ्याहत्तर. न्यायाधीशांनीं मुलाखतींत विचारलें, आठवड्याला दोन-तीन दिवस देतां येतील काय? तिनें सांगितलें, माझ्याजवळ दिवसच दिवस आहेत. चिठ्ठ्या निघाल्या त्यांत तिचें नांव एकोणिसांत आलें नाहीं. राखीव यादींत तिसरें आलें. तीन ज्यूरर सोडून गेल्याशिवाय आपली पाळी नाहीं, असें ती हंसत म्हणाली, आणि आम्ही तो विषय सोडून दिला.

गेल्या दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं मीं फोन केला, तर तो कोणी उचलला नाहीं. संध्याकाळीं तिचाच आला. "सकाळपासून कोठें गेली होतीस?" मीं विचारलें.

"कामाला," ती म्हणाली.

"कसलें काम?"

"फराळाचें काय काय केलेंत तें सांग आधीं," अक्का म्हणाली. आणि मंगळवारीं व गुरुवारीं दिवसां फोन करूं नकोस, एवढें बजावून तिनें चकलीच्या भाजणीची चौकशी सुरू केली.